पाण्यातली मासोळी

"पोहता येतं ना?" रुहीने विचारलं.

"हो," राधिका सवयीने म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "म्हणजे नाही. अजिबात नाही."

रुही हसली नाही. डायव्हिंग शिकवणारी ही मुलगी जन्माने अमेरिकन, आई पुण्याची. मराठी सगळं कळायचं, पण बोलायला लागली की गाडी इंग्रजीवर घसरायची.

"इट्स ओके. स्टार्ट करायचे खूप ऑप्शन्स आहेत. घरी बसून ऑनलाइन थिअरी करा, मग पूलमध्ये या. किंवा डायरेक्ट फ्लोरिडाला जाऊन बोटीवरून उडी."

"ती उडी नको."

"मग आज इथेच ट्राय करा. उथळ पाण्यात फक्त श्वास घेऊन बघायचा. त्याला स्विमिंग लागत नाही. पण सर्टिफिकेट हवं असेल तर पोहायला शिकावंच लागेल, ओके? घरी कुणाला सांगितलंय?"

"तिथेच तर सगळं घोडं पेंड खातंय," राधिका म्हणाली.

या सगळ्याचं मूळ होतं नागपूरची सुमेधामावशी. लग्न जुळवताना मावशीच्या जिभेला हाड नसतं. पोह्यांच्या बशा फिरवता फिरवता तिने ठोकून दिलं होतं, "आमची राधिका म्हणजे पाण्यातली मासोळीच." वास्तविक फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून भुट्टा खाणं, एवढाच मासोळीचा पाण्याशी संबंध. पण समोर बसलेल्या यतीनची कळी खुलली. "मलाही पाणी फार आवडतं," तो म्हणाला. तो हसताना इतका चांगला दिसला, की राधिकाने मावशीला खोटं पाडलं नाही.

लग्न झालं, ती अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आली, नोकरीही लागली. बिल्डिंगच्या पूलपाशी जायची वेळ आली की तिचं डोकं दुखायचं. यतीननेही कधी आग्रह केला नाही. क्लोरीनचं पाणी त्याला मुळी चालतच नसे, त्याला म्हणे समुद्रच लागतो. राधिकाला त्याचं भारी कौतुक वाटायचं, आणि स्वतःची तितकीच लाज.

मग परवा त्याने लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाची भेट जाहीर केली. दिवाळीनंतर फ्लोरिडा, आणि तिथे दोघांनी मिळून स्कूबा डायव्हिंग. "खास तुझ्यासाठी," तो म्हणाला. इतक्या चांगल्या माणसाला आपण वर्षभर फसवतोय, हे राधिकाला त्या रात्री पहिल्यांदा नीट टोचलं. त्याला कळलं तर तो चिडणार नाही, नुसता गप्प होईल. त्या गप्प होण्याचीच तिला भीती वाटत होती.

म्हणून तिने हे तासभर लांबचं, स्वतःचा पूल असलेलं डायव्हिंगचं दुकान शोधलं. अ‍ॅशबर्नमध्ये शिंकलं तरी मराठी मंडळात कळतं. आज सकाळी निघताना तिने सांगितलं, "केस कापून येते. उशीर होईल, चालेल ना?" यतीनच्या तोंडात ब्रश होता. त्याने अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला. दाराशी त्याची बॅडमिंटनची रॅकेट तयार होती. दर शनिवारी तो खेळायला जायचा, तो थेट दुपार करून यायचा. रॅकेटच्या ग्रिपवरचं प्लास्टिकसुद्धा त्याने अजून काढलं नव्हतं. वस्तू जपून वापरणारा माणूस.

रुहीने तिला वेटसूट, मास्क आणि पाठीवर हवेची जड टाकी चढवून कमरेइतक्या पाण्यात उभं केलं. "अंगठा वर केला तर त्याचा अर्थ, मला वर जायचंय. सगळं ठीक असेल तर बोटांचा असा गोल."

ती खूण राधिकाला लगेच जमली. बाकी काहीच जमेना. पहिल्यांदा तोंड पाण्याखाली गेलं तशी ती धडपडत वर आली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, आणि श्वास आला. पुन्हा आला. तिने डोळे उघडले. तळाच्या निळ्या फरशा स्वच्छ दिसत होत्या, आणि स्वतःचेच बुडबुडे कानाशी गुडगुडत होते. ती किती वेळ तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, तिलाच कळलं नाही. तिला रडू येईल इतका आनंद झाला होता.

"सुपर!" वर आल्यावर रुही म्हणाली. "आता बडी, म्हणजे जोडीदार लागेल. डायव्हिंगला एकटं कोणी जात नाही. एकाची हवा संपली तर दुसऱ्याची घ्यायची. माझा नेक्स्ट स्टुडंट येईलच, त्याच्यासोबत तुमची जोडी लावते. तो पण मराठी आहे."

राधिकाचा चेहरा पडला. "मराठी? अगं, माझं नाव सांगू नकोस त्याला. आणि त्याचंही मला नको."

"ओके, नो नेम्स. पण तोही बिगिनर आहे. पहिल्या दिवशी तुमच्यापेक्षा जास्त घाबरला होता."

रुही हवेच्या टाक्या आणायला आत गेली. पळून जावं, असं राधिकाच्या मनात आलं. गाडीची चावी बॅगेतच होती. पण पाण्याखाली श्वास घेऊन आलेल्या बाईला आता पळणं बरं दिसेना. हा जो कोण मराठी माणूस आहे, तो मंडळात सांगणारच. मग यतीनला ते आरतीच्या रांगेत का कळावं? आपणच सांगावं, आजच. मला पोहता येत नाही, पण तुझ्यासाठी शिकतेय. तो गप्प झाला तर होऊ दे. त्यानंतर तरी त्याच्यापाशी खरं बोलता येईल.

हे ठरलं आणि तिला एकदम हलकं वाटलं. ती पूलच्या पायरीवर बसून नव्या जोडीदाराची वाट पाहू लागली.

काचेचं दार ढकलून एक माणूस आत आला. त्याच्या खांद्याला बॅडमिंटनची रॅकेट होती, ग्रिपवरचं प्लास्टिक तसंच.