लागण

"पाय इकडे करा," ती म्हणाली, आणि तो नको नको म्हणेपर्यंत तिने त्याची टाच मांडीवर ओढून घेतलीसुद्धा.

तिचा नवरा शिंपी. बरेच दिवस लंगडत होता. विचारलं की म्हणायचा, कुरूप झालंय, जाईल आपोआप. पायमशीन चालवणाऱ्याचा पायच दुखरा, म्हणजे आचाऱ्याची जीभच भाजल्यासारखं. आज तो दुकानातून भिंत धरधरून घरी आला, तेव्हा मात्र त्याचं काही चाललं नाही.

तिने पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवला. कातडी मऊ झाल्यावर वजरीने हळूहळू घासली. वरचा पांढरट थर निघाला आणि खाली बारीक काळे ठिपके दिसले. तिचा हात जागीच थांबला.

हे कुरूप नव्हतं. ही चामखीळ होती. आणि अशीच तिने आधी पाहिली होती, मुलाच्या पायाला.

तो बोटीवर कामाला जायच्या आधीची गोष्ट. तेव्हा तिने काही म्हणता काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. लसणाची पाकळी ठेचून बांधली, तर आग आग झाली. मग केळ्याच्या सालीची आतली बाजू, रोज संध्याकाळी ताजी, वर चिकटपट्टी. "आई, तुझ्या औषधाने चामखीळ राहील आणि पाय गळून पडेल," म्हणून तो हसायचा. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, ही एकाची दुसऱ्याला लागते, याच्या चपला कुणी घालू नका. चामखीळ गेली नाही. ती घेऊनच तो बोटीवर चढला. बोट बुडाली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली. त्याचं लागलं नाही.

तेव्हापासून तो घरात नव्हता आणि होताही. ती जेवण तिघांचं रांधायची. मोरीतलं पाणी वाजलं तरी, आला वाटतं, म्हणून वळून बघायची. शिंप्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "तो गेला. उगाच वाट बघत बसू नकोस." दारातल्या मुलाच्या चपला त्यानेच उचलून नेल्या. "देऊन टाकल्या," म्हणाला. कुणाला, ते सांगितलं नाही. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. या माणसाच्या छातीत काळीज नाही, थंड पडलेली इस्त्री आहे, असं ती बहिणीजवळ बोलली होती.

आता तिने पाय पुसून कोरडा केला. केळ्याची साल कापली, ठिपक्यांवर बसवली, पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानाकडे गेली. मशीनचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू येत होता. एक ठोका जड, एक हलका. शिंपी खाली मान घालून कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर शिवत होता. ती दारातच उभी राहिली आणि तिने मशीनखाली पाहिलं.

इतक्या वर्षांत पायट्यावर त्याचे पाय तिने कधी अनवाणीखेरीज पाहिले नव्हते. आज पायांत मुलाच्या चपला होत्या. त्या त्याला मोठ्या होत होत्या. निसटू नयेत म्हणून अंगठ्यापाशी चिंध्या कोंबलेल्या होत्या. पायटा वरखाली होत होता, आणि त्या चपला कुणीतरी चालत यावं तशा हलत होत्या.

तिने दाराची चौकट धरली.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तो गेला म्हणून?"

चाक थांबलं. शिंप्याने दचकून पाय मागे ओढले, पण लपवायला जागाच नव्हती. त्याने कात्री उचलली, परत ठेवली. कॉलरवर नसलेली सुरकुती अंगठ्याने दाबत राहिला. मग वर न बघताच म्हणाला,

"चामडं आहे गं ते. नुसतं पडून राहिलं की आखडतं. आल्या आल्या पायात घातल्या, तर चावतील त्याला."