अंगठा उमटेपर्यंत

"कायद्याच्या हिशेबात तुम्ही दोघं एकच माणूस," नोटरीबाई म्हणाल्या. "आणि भागीदारीला निदान दोन माणसं लागतात."

मुर्तिनी आणि प्रिहादी एकमेकांकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी चहात साखर किती यावर एकमत झालं नव्हतं. आणि आज इथे, क्लातेन शहरातल्या नोटरी कचेरीत, कळत होतं की आपण एकच!

"नवरा-बायकोची मिळकत सामाईक असली की दोघं मिळून एक धरतात. लग्नाआधी वेगळ्या मिळकतीचा करार केला होता का?"

"लग्नाआधी आम्ही एक सिनेमा बघितला होता," प्रिहादी म्हणाला.

मुर्तिनीने त्याला कोपर मारलं. हसू तिलाही आलं होतं. सकाळपासून तिला सगळ्याचंच हसू येत होतं. आजवर ती दुसऱ्यांच्या कामांवर फरश्या बसवत आली, पुढे दुसऱ्यांचे गवंडी सांभाळत आली. गावच्या दवाखान्याच्या इमारतीचं काम मात्र तिने स्वतः मिळवलं होतं. मापं तिची, नकाशा तिचा, भावही तिनेच लावलेला. फक्त संस्था रीतसर नोंदलेली हवी होती, की उद्यापासून पाया खणायचा. प्रिहादीला तर इतका उत्साह, की त्याने पहाटेच गाडीच्या मागच्या फळीवर लाल रंगात 'प्रिहादी-मुर्तिनी बांधकाम' लिहून टाकलं होतं. रंग ओला असतानाच ते निघाले होते.

"एकट्याच्या नावावर नाही का चालणार?" तिने विचारलं.

"एकट्याची कंपनी निघते हो, पण तुमच्या गावाने भागीदारीच मागितली आहे. तेव्हा तुमच्यातलं एक जण आणि बाहेरचं एक जण. एकाने काम चालवायचं, सह्या करायच्या, आणि बुडालं तर घरातल्या भांड्यांपर्यंत त्यानेच भरून द्यायचं. दुसऱ्याने भांडवल घालायचं, नफा घ्यायचा आणि कामात अजिबात तोंड घालायचं नाही. घातलं तर बुडताना तोही सोबत." नोटरीबाईंनी पेन उचललं. "काम चालवणारा कोण?"

"माझंच नाव घाला," प्रिहादी पटकन म्हणाला. "घरात कुणाचंही असलं तरी सारखंच. काय गं?"

मुर्तिनीने मान डोलावली. सारखं नव्हतं. पण हे तोंडाने कसं सांगायचं, ते तिला सुचेना. गाडीवरचं आपलं नाव आता पुसावं लागणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"आणि दुसरा भागीदार?"

"गाडीत बसलीय," प्रिहादी म्हणाला. "गाडी तिच्याच नावावर आहे. तेच भांडवल."

गाडीत त्याची आई, म्हणजे त्याची इबू, सुमियेम होती. मांडीवर केळीच्या पानातला पिवळ्या भाताचा उंच डोंगर सांभाळत बसलेली. संस्था निघाली की हा तुंपेंग कापायचा आणि त्याचा शेंडा मानाच्या माणसाला द्यायचा. भात मुर्तिनीने रांधला होता. सासूबाईंनी वाटेत तांदूळ, नारळ, सुनेचं जाकीट, मुलाचं गाडी हाकणं आणि फळीवरची वाकडी अक्षरं, या सगळ्यांवर आपलं मत दिलं होतं.

सासूबाई भातासकट आत आल्या. नोटरीबाईंनी त्यांना सगळं पुन्हा समजावलं.

"म्हणजे गाडी माझी, नफा माझा, आणि तोंड बंद?" सासूबाईंनी विचारलं.

"कामाच्या बाबतीत, हो."

"इबू, तुम्हाला जमेल?" प्रिहादीने काळजीने विचारलं.

"तू गप्प बस." सासूबाईंनी शाईच्या पॅडकडे बघितलं. "बाई, मला सही येत नाही, अंगठा लावते. अंगठा उमटेपर्यंत मी कुणाची भागीदार नाही ना?"

"नाही."

"मग तोवर बोलते. याचं नाव खोडा. माझा मुलगा गुणी आहे, गाडी चांगली हाकतो. पण भिंत सरळ आहे की नाही, ते बायकोला विचारतो. माझ्या न्हाणीघराची फरशी हिने घातली तेव्हा मी तीन वेळा उकरायला लावली. तिन्ही वेळा हिचंच बरोबर होतं. हिचं नाव घाला."

प्रिहादी कान खाजवत हसला. "खरं आहे," तो म्हणाला. "विचारतो मी."

"बुडालं तर सगळं तुमच्या डोक्यावर येईल," नोटरीबाईंनी मुर्तिनीला बजावलं.

"येऊ दे!" मुर्तिनी इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

दस्त नव्याने छापून आला. नोटरीबाईंनी तो मोठ्याने वाचला. आपलं नाव आलं तेव्हा मुर्तिनीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. तिने सही केली. सासूबाईंनी अंगठा दाबला, उचलला, आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या.

तुंपेंग तिथेच टेबलावर कापला. मुर्तिनीने शेंडा उतरवला आणि तो दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरला. त्यांनी पहिला घास घेतला. मग बाकीच्यांनी घेतला.

मुर्तिनी चावता चावता थांबली. उत्साहाच्या भरात ती भातात मीठच घालायला विसरली होती. तिने हळूच सासूबाईंकडे बघितलं.

सासूबाईंनी तोंड उघडलं. आपल्या निळ्या अंगठ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. आणि आणखी भातासाठी पान पुढे केलं.