डोहातली देवी

डोमाजी भोयाने पैनगंगेच्या डोहात बुडी मारून देवीला दोर बांधला, तिला वर काढलं, आणि काठावर रक्त सांडायला लागलं. रझाकारांच्या धामधुमीत गावानेच तिला तिथं लपवलं होतं. आता निजामाचं राज्य गेलं होतं, देवी परत देवळात बसायची होती. पण पुरातत्त्व खात्याचे साहेब शिपाई घेऊन आले. म्हणाले, मूर्ती आठशे वर्षांची आहे, सरकारजमा होईल. जुन्या मूर्ती जमवणारे शेटजी त्यांच्या आधीच येऊन बसले होते. त्यांनी आपली माणसं शिपायांच्या अंगावर घातली. एका शिपायाचं डोकं फुटलं, शेटजींच्या माणसाचे दात पडले, मधे गेलेल्या डोमाजीच्या बरगडीत काठी बसली.

तो तसाच उठला. "चुकलं माय," पुटपुटला, आणि पहार उचलून त्याने देवीच्या मानेवर घातली. मुंडकं घरंगळत पाण्याच्या कडेला जाऊन थांबलं.

"झाली खंडित," तो धापा टाकत म्हणाला. "आता ते ना तुमच्या कामाची, ना आमच्या. खंडित देवी कोनी पुजत नाही, पान्यात सोडा लागते. व्हा बाजूला, सोडू द्या मले."

काठ्या खाली आल्या. साहेबांनी शेटजींकडे पाहिलं, शेटजींनी साहेबांकडे.

"मुंडकं मी नेतो," शेटजी म्हणाले.

"न्या," साहेब म्हणाले. "मला धडच सापडलं."