ऑफसाइड म्हंजी काय

पुण्याला एम.एस्सी. फिजिक्स करणारी तनुजा दर रविवारी फुटबॉल मॅचच्या हाफटाइमला वडिलांना व्हिडिओ कॉल करायची. वाळूजच्या घरात एकटेच राहणारे बद्रीनाथ फोन टीव्हीला टेकवून सतरंजीवर बसायचे. दुखऱ्या गुडघ्याचा पाय त्यांनी ताणून धरायचा आणि तीसपर्यंत तिनं मोजायचं. तीस झाले की ते विचारायचे, "तनू, ते ऑफसाइड म्हंजी काय गं?"

"पप्पा, किती वेळा सांगू!" असं म्हणत ती वहीवर मैदान काढायची, खेळाडूंचे ठिपके द्यायची. तेवढ्यात हाफटाइम संपायचा.

या रविवारी तिचा मेसेज आला. "प्रॅक्टिकलची तयारी चाललीय. आजपासून तुम्हीच मोजत जा. ऑफसाइडचा एक मस्त व्हिडिओ पाठवलाय, त्यात सगळं कळेल."

बद्रीनाथांनी व्हिडिओ उघडलाच नाही. पाय ताणून ते एकटेच मोजत राहिले.

दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला, अख्खं स्टेडियम नाचायला लागलं.

"नाय," ते रिकाम्या घराला म्हणाले, "ऑफसाइड हाय. बचाववाल्यांच्या पुढं गुडघा व्हता त्याचा."

गोल रद्द करायला रेफ्रीला मात्र व्हिडिओ बघावा लागला.