राखणदार

"गाठ पूर्ण गेली, काकू. पण तिला खाणाऱ्या पेशी आता तुमच्या चांगल्या मेंदूवर उलटल्यात," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "हात त्यामुळेच थरथरतो. इंजेक्शनने त्यांना घालवावं लागेल."

सुजाताताईंच्या मेंदूतल्या गाठीने त्यांच्याच रक्षक पेशींना फितवलं होतं. शत्रूला खायचं सोडून त्या त्याचीच राखण करत बसल्या होत्या. तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, हेमंतरावांनी, आपल्या रक्षक पेशी दिल्या. प्रयोगशाळेत गाठ ओळखायला शिकून त्या ताईंच्या डोक्यात उतरल्या. पुढच्याच वर्षी हेमंतराव झोपेत गेले, पण त्यांच्या पेशी मागे राहिल्या. रिकाम्या घरात ताई कपाळावर हात ठेवून त्यांच्याशी बोलत. भाजी काय केली, शेजारी कोण आलं, सगळं सांगत.

"नाही घालवल्या तर?"

"आधी हात जाईल. मग वाचा."

वाचा गेल्यावर त्यांच्याशी बोलणार तरी कशी?

"द्या इंजेक्शन," ताई म्हणाल्या. "फक्त एक मिनिट थांबा."

डॉक्टर दाराशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ताईंनी थरथरता हात कपाळावर ठेवला. हेमंतराव घराबाहेर पडताना ताई कधी 'जा' म्हणाल्या नव्हत्या, नेहमी 'या' म्हणत. आजही तेच ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"खूप राबलात," त्या हळूच म्हणाल्या. "जा आता."