जागा बघून जांभई

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धातूचा पत्रा ठेवून, त्यावरच्या कुठल्या जागेवरून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती जोर लागतो, हे मोजणं एका शास्त्रज्ञाचं काम.

"मग महिनाभर मुक्काम ठोकलेल्या तुझ्या मामांना काढून दाखव," बायको म्हणाली.

त्यानं घरभर मोजमाप केलं. सोफ्यावरचे मामा त्याच्या कितीही जांभयांना बधेनात. जेवणाच्या टेबलाशी नुसतेच चुळबुळले. दाराजवळच्या स्टुलावर बसवले, तेव्हा मात्र एकाच जांभईत बॅग उचलून चालते झाले.

"इलेक्ट्रॉन अस्साच निघतो!" तो छाती फुगवून म्हणाला. "फक्त त्याच्या जागी अर्थिंगच्या तारेतून लगेच दुसरा येतो."

बेल वाजली. दारात दोन बॅगा घेऊन मामी उभ्या.

"खाली हे भेटले. म्हणाले, आता जागा झालीये."