कावळा शिवेना

शेवटचं उकडलेलं अंडं कुस्करून विजयमालाबाईंनी कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. आधीची अंडी, शेव आणि तूप लावलेल्या चपात्या कावळ्यांनी केव्हाच फस्त केल्या होत्या. आता एकेक जण जडावल्यासारखा शेवग्यावर जाऊन बसत होता.

"अंडी मी उकडून दिली, पाप मात्र तुमचं तुम्ही बघा हं," शेजारी उभ्या नसीमबानू म्हणाल्या. वारज्यातल्या त्याच सोसायटीत त्या वरच्या मजल्यावर राहत आणि बागेच्या कामात बाईंचा उजवा हात होत्या.

"बघते," विजयमालाबाई म्हणाल्या आणि हाताला चिकटलेलं अंडं पदराला पुसून फाटकाकडे बघायला लागल्या.

थोड्या वेळात इथे गेनबांचा, म्हणजे सगळ्यांच्या आबांचा, दहावा होता. धरणातून पाणी सोडल्यामुळे नदीचा घाट बुडालेला, म्हणून त्यांच्या मुलानं, महिपतीनं, विधी आबांच्याच जमिनीवर करायचा ठरवला होता. आबांची जमीन म्हणजे ही बाग. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी सोसायटीला लागून असलेला हा तुकडा गेनबांकडे मागितला होता, रानझाडांसाठी आणि पाखरांसाठी. नातवाला बाईंनी शिकवलेलं, त्यामुळे आबांना नाही म्हणवलं नाही. भाडं नाही, कागद नाही, नुसता शब्द. आणि आता महिपती तो तुकडा बिल्डरला देणार होता. दहावा उरकला की सही.

भाद्रपदात तर बाग कशी ऐन रंगात आलेली! रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या, तेरड्यात भुंगे, कुर्डूच्या तुऱ्यांवर फुलपाखरांची झुंबड. गवतात बी धरलं म्हणून मुनियांचे थवेच्या थवे उतरत होते. हे सगळं एका दिवसात जेसीबीखाली जाणार, या विचारानं बाईंना रात्र रात्र झोप नव्हती.

गेनबा असते तर असं झालंच नसतं, याची त्यांना खात्री होती. ते रोज संध्याकाळी येऊन दगडावर बसत. आघाड्याकडे, रुईकडे टक लावून बघत. कधी हात पुढे करत, तर बाई लगेच ओरडत, "आबा, तोडू नका हं, अळ्या आहेत!" ते मुकाट हात मागे घेत.

"आजून वाढवायचंय का बाई हे?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"भरपूर!" बाई हरखून म्हणाल्या होत्या. तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. अंथरूण धरण्याआधी तर ते म्हणाले होते, "जीव हितंच अडकलाय माझा."

म्हणूनच हा खटाटोप. पोट भरलेला कावळा पिंडाला शिवणार नाही. आणि कावळा शिवत नाही म्हटल्यावर माणसं काय वाट्टेल ते कबूल करतात.

पिंड मांडला. सगळे मागे सरले. शेवग्यावरचे कावळे ढिम्म. एकानं तर चोच पिसांत खुपसली.

"आबा, आईला सांभाळीन," महिपती हात जोडून म्हणाला. काही नाही. "थोरल्या आक्काचं माहेर तोडणार न्हाई." काही नाही. "दारूला हात लावणार न्हाई." भावकीतलं कोणीतरी खाकरलं. कावळा हलला नाही.

ऊन चढलं. पाहुणे कुजबुजायला लागले. गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून टाकू या का? मला अजून नारायण पेठेत पोचायचंय."

आता नाही तर कधीच नाही.

"महिपती," त्या पुढे होऊन म्हणाल्या, "आबांचा जीव या जागेत होता. तुला काय मी सांगायला हवं?"

महिपतीनं बागेवरून नजर फिरवली. घाम पुसला. मग सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं म्हणाला, "आबा, ही जमीन इकणार न्हाई. बिल्डरला आजच सांगतो. आईशप्पत!"

विजयमालाबाईंना हुंदकाच फुटला. नसीमबानूंनी त्यांचा हात घट्ट दाबला. कावळा आला नाही तो नाहीच; येणार कुठून, पोटं तट्ट फुगलेली. न येवो बापडा! शब्द तर पडला होता, आणि चारचौघांत पडला होता. गुरुजी दर्भ वळायला लागले.

तेवढ्यात गेनबांची बायको, रतनआजी, उठल्या. आबा गेल्यापासून त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. काठी टेकत त्या पिंडापाशी गेल्या आणि घरात नवऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात बोलल्या.

"धनी, आता कुढू नगा. जल्मभर ह्या रानात तणाची काडी ठिवली न्हाई तुमी. बाईस्नी वाईट वाटंल म्हून गप बसलात, रोज येऊन रडलात. आता जमीन ऱ्हातीया आपल्यापाशीच. उद्या बाया लावून समदं खुरपून काढते, पार मुळापासनं..."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत शेवग्यावरून कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला.